अडकलेली फळी
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



वारा पाठीमागून येत असला की शिडाची होडी पुढे जाते, हे कुणी समजावून सांगावे लागत नाही. पण वारा समोरून येत असताना ती पुढे जाते कशी? थेट वाऱ्याच्या तोंडावर ती जातच नाही. साधारण ४५ अंशांचा कोन धरून, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे नागमोडी जावे लागते. या चालीत वारा होडीला जितका पुढे नेतो, त्याहून जास्त आडवा ढकलत असतो. ते आडवे घसरणे थोपवायला पाण्याखाली काहीतरी आधार हवा. कोकणातल्या मोठ्या गलबतांना हा आधार त्यांच्या खोल बुडाचा आणि तळाच्या लांब लाकडाचा, म्हणजे पठाणाचा मिळतो. दोन माणसांच्या छोट्या होडीला खोल बूड सोयीचे नसते. तिला वाळूवर ओढून घ्यायचे असते, गाडीमागे बांधून घरी न्यायचे असते.

म्हणून अशा होडीच्या तळाला मधोमध एक लांबट फट ठेवतात. फटीवर होडीच्या आत एक अरुंद, उभी पेटी बसवतात आणि पेटीतून एक फळी पाण्यात सोडतात. हाच सेंटरबोर्ड. पेटीतून आरपार गेलेल्या एका बोल्टभोवती ही फळी फिरते. किनाऱ्याजवळ ती वर घ्यायची, खोल पाण्यात खाली सोडायची.

ही सोय सामान्य माणसाच्या हाती आली ती घरी बांधता येणाऱ्या होड्यांमुळे. दुसऱ्या महायुद्धानंतर चांगले जलरोधक प्लायवुड मिळू लागले आणि ब्रिटनमध्ये अशा होड्यांची लाटच आली. १९५६ साली जॅक होल्ट यांनी आखलेली ‘एन्टरप्राइज’ ही त्यातली एक. सुमारे चार मीटर लांबीची, निळ्या शिडांची ही होडी ‘न्यूज क्रॉनिकल’ या वृत्तपत्राच्या पाठबळाने लोकांपुढे आली. कापलेल्या भागांचा संच आणायचा आणि गाडीच्या शेडमध्ये होडी जोडायची, असा तो प्रकार. भारतातल्या सेलिंग क्लबांतही ही होडी चांगली ओळखीची झाली.

घरी बांधलेल्या होडीत एक दुखणे मात्र हमखास भेटते. फळी पेटीत अडकते. ऐकायला ही किरकोळ गोष्ट वाटेल. पाण्यावर ती किरकोळ राहत नाही.

फळी वरच अडकली, तर होडी वाऱ्याकडे चढत नाही, नुसती आडवी वाहत जाते. जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा असेल, तर याचा अर्थ घरी परतण्याची वाट बंद. होडी कलंडली तरीही हीच अडचण. आडवी झालेली होडी सरळ करताना माणूस पाण्याबाहेर आलेल्या फळीवर उभा राहतो आणि आपल्या वजनाने होडी फिरवतो. फळी पेटीत असेल, तर पाय कशावर ठेवायचा? उलट फळी खाली अडकली, तर उथळ पाण्यात तिचे टोक जमिनीत रुतते, सगळा भार पेटीवर येतो, पेटी आणि तळ यांचा सांधा उकलतो आणि तिथून पाणी आत येऊ लागते.

आता पाण्यावर असताना काय करावे? पहिली गोष्ट, जोर लावू नये. पुष्कळदा फळी खरोखर अडकलेली नसतेच. होडी तिरकी चालत असताना पाणी फळीला एका बाजूने दाबून धरते आणि त्या घर्षणाने ती हलत नाही. अशा वेळी होडीचे तोंड वाऱ्याकडे करावे, शिडाची दोरी सैल सोडावी. शीड फडफडू लागले की दाब जातो आणि फळी अलगद हलते. तेवढ्याने भागले नाही, तर होडी थोडी डावी-उजवी कलवत फळी बोटभर वर, बोटभर खाली करून पाहावी. अडकलेला खडा अशाने बहुधा सुटतो. पेटीला वरून फट असेल, तर एक पातळ पट्टी आत घालून फळी खाली दाबता येते. म्हणून अशी पट्टी होडीत बांधून ठेवावी. पेटीत बोटे मात्र कधीही घालू नयेत.

एवढे करूनही फळी वरच राहिली, तर शिडाचा हट्ट सोडावा. शीड उतरवून वल्ही हाती घ्यावीत, आणि तीही उशीर न करता, किनारा जवळ असतानाच. फळी खाली अडकली असेल, तर कमरेइतक्या पाण्यात, तळ पक्का असेल तिथे उतरून होडी हाताने धरावी. ती तशीच वाळूवर चढवू नये.

खरा उपचार किनाऱ्यावरचा. डोलकाठी उतरवून होडी जुन्या टायरांवर आडवी करावी आणि फट उजेडात पाहावी. खडे, शिंपले, वाळू असेल तर पाण्याच्या नळीने धुऊन काढावी. फट स्वच्छ असूनही फळी अडकत असेल, तर फळी काढून तिच्या दोन्ही बाजूंना खडू चोळावा, ती पुन्हा बसवून दोनचार वेळा फिरवावी. जिथला खडू पुसला गेला, तिथे ती घासते आहे.

घासण्याची कारणे तीन-चारच असतात. पहिले कारण लाकूड फुगणे. लाकूड तंतूंच्या दिशेने फारसे वाढत नाही. आडवे मात्र चांगलेच फुगते. पाणी शिरते ते कडांतून, ओरखड्यांतून आणि सर्वांत जास्त बोल्टच्या भोकातून. अशी फळी सावलीत सपाट ठेवून काही आठवडे वाळू द्यावी, मगच घासावी. ओली असताना घासली, तर वाळल्यावर ती खुळखुळते. बोल्टचे भोक मोठे करून इपॉक्सीने भरावे आणि त्या भरावातूनच नवे भोक पाडावे. मग पाण्याला लाकूड भेटत नाही.

दुसरे कारण रंग. आराखड्यातले माप कोऱ्या लाकडाचे असते. फळीच्या दोन बाजू आणि पेटीच्या दोन भिंती, अशा चार पृष्ठभागांवर दरवर्षी एकेक हात चढत गेला, की मोकळी जागा बघता बघता संपते. प्रत्येक बाजूला साधारण दोन-तीन मिलिमीटर जागा राहिली पाहिजे. तिसरे कारण वाकलेली फळी किंवा आत झुकलेली पेटी. एक सरळ पट्टी लावली की हे कळते. चौथे कारण, झिजलेल्या भोकामुळे तिरकी लोंबणारी फळी. लोखंडी पत्र्याची फळी असेल तर गंज पाहावा, कारण गंजानेही जाडी वाढते.

फळी मोकळी झाल्यावर तिला तेल किंवा ग्रीस लावण्याचा मोह होतो. तो टाळावा. ग्रीसला वाळू चिकटते आणि पुढच्या खेपेला तीच वाळू फळी धरून ठेवते. साधी मेणबत्ती घासावी, ती पुरते. आणखी एक जुनी युक्ती आहे. फळीच्या खालच्या कोपऱ्याला एक लहान भोक पाडून त्यात दोरीचा छोटा फास ओवायचा. फळी वर अडकली, तर काठावरचा माणूस खालून तो ओढू शकतो.

घरी बांधलेल्या होडीचा एक मोठा फायदा असा, की तिच्यातला प्रत्येक सांधा आपल्या हातचा असतो आणि तो उघडायला कारखाना लागत नाही. पण म्हणूनच तिची तपासणी करणारेही दुसरे कुणी नसते. तेव्हा प्रत्येक खेपेला होडी कमरेइतक्या पाण्यात आली, की शीड उभारण्याआधी फळी पूर्ण खाली सोडावी आणि पूर्ण वर घ्यावी. असे दोनदा करावे. याला एक मिनिट लागतो. फळी कुरकुरली, तर त्या दिवशी वारा कितीही छान असला तरी होडी परत वाळूवर घ्यावी.