होडीवरील बॅटरीचा मुख्य स्विच
(यांत्रिक होड्यांचे मालक व तांडेल यांच्यासाठी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



१ जून ते ३१ जुलै हे पावसाळी मासेमारीबंदीचे दोन महिने मालीम, कुटबण, खारीवाडा व शापोरा येथील धक्क्यांवर डागडुजीचे असतात. जाळी शिवली जातात, तळ खरवडून रंगविला जातो, इंजिन उघडले जाते. या कामांच्या गर्दीत एका लहानशा वस्तूकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ती वस्तू म्हणजे बॅटरीचा मुख्य स्विच.

किनाऱ्यापासून दहा-पंधरा मैलांवर रात्री नांगर टाकून राहिलेल्या एखाद्या ट्रॉलरचे उदाहरण घ्यावे. डेकवरचे दिवे, नांगरदिवा, मासे शोधण्याचे यंत्र, वायरलेस, खलाशांच्या मोबाइलचे चार्जर, हे सारे बॅटरीवर चालते. सर्व मिळून १२ ॲम्पिअर वीज लागत असेल तर १० तासांत १२० ॲम्पिअर-तास खर्ची पडतात. होडीवर १०० ॲम्पिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या आहेत, म्हणून मालक निश्चिंत असतो. परंतु जुन्या झालेल्या बॅटरीत शंभरातले साठच उरलेले असू शकतात, आणि स्विच तर रात्रभर 'दोन्ही' या खुणेवर राहिलेला असतो. पहाटे वारा फिरतो. तांडेल सेल्फ मारतो आणि आतून केवळ टिकटिक ऐकू येते. इंजिन सुरू होत नाही, पाणी उपसणारा पंप चालत नाही, आणि वायरलेसच्या सोळाव्या चॅनलवर हाकही देता येत नाही. मोठे डिझेल इंजिन हाताने फिरविणे शक्य नसते. संकटसूचक 'डॅट' यंत्र स्वतःच्या बॅटरीवर चालते, हे खरे; तटरक्षक दलाची मदतही मिळते. तथापि होडीवर दोन बॅटऱ्या असताना त्या दलाला बोलवावे लागावे, ही गोष्ट मालकाला भूषणावह नव्हे.

अशा वेळी दोष बॅटरीला दिला जातो व नवी बॅटरी विकत आणली जाते. वास्तविक उणीव असते ती एक बॅटरी इंजिनासाठी राखून ठेवण्याची. स्विच बसवायचा तो यासाठीच.

बाजारात मिळणाऱ्या नेहमीच्या स्विचवर चार खुणा असतात : 'बंद', '१', '२' आणि 'दोन्ही'. पाठीमागे तीन जाड बोल्ट असतात. पहिल्या बॅटरीची पॉझिटिव्ह तार एकावर, दुसरीची दुसऱ्यावर, आणि तिसऱ्या सामाईक बोल्टवरून सेल्फकडे व दिव्यांच्या बोर्डाकडे जाणाऱ्या तारा निघतात. निगेटिव्ह तारा स्विचकडे न्यावयाच्या नसतात. दोन्ही बॅटऱ्यांचे निगेटिव्ह एकमेकांस जोडून इंजिनाशी बांधावयाचे असतात. पुष्कळदा नेमकी हीच जोडणी राहून जाते. मग '२' वर खटका फिरविताच सर्व अंधार होतो आणि बिचाऱ्या नव्या स्विचवर ठपका येतो.

काम आरंभण्यापूर्वी इंजिन बंद करून प्रथम निगेटिव्ह तार सोडावी, नंतर पॉझिटिव्ह. जोडताना उलट क्रम : पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी. हा क्रम मोडला, आणि पॉझिटिव्ह बोल्ट आवळताना पाना इंजिनाच्या लोखंडाला लागला, तर क्षणात ठिणगी उडते. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो व हवेत त्याचे प्रमाण शेकडा ४ झाले तरी तो पेट घेऊ शकतो. म्हणूनच स्विच बॅटरीच्या पेटीत बसवू नये. तो पेटीबाहेर परंतु शक्य तितका जवळ, तळात साचणाऱ्या पाण्यापासून उंच, आणि अंधारातही हात पोहोचेल असा असावा. जाळे ओढताना पाय किंवा दोर लागून खटका फिरेल अशी जागा टाळावी. बॅटऱ्याही पट्ट्यांनी घट्ट बांधलेल्या असाव्यात; त्यांत खारे पाणी शिरले तर विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो.

तारेच्या बाबतीत काटकसर करू नये. सेल्फ फिरताना शेकडो ॲम्पिअर वीज खेचली जाते. घरगुती वायरिंगची उरलेली तार तेथे चालत नाही. अनेक बारीक धाग्यांची, कल्हई केलेल्या तांब्याची जाड तार घ्यावी. साध्या तांब्याला खारी हवा हिरवा गंज चढविते व तो वेष्टणाखाली आतपर्यंत सरकत जातो. टोकाचे लग हातोड्याने ठोकून नव्हे, तर दाबयंत्राने घट्ट दाबावेत. तारेला दर दीड फुटाला आधार द्यावा, कारण इंजिनाची थरथर सैल तारेचे वेष्टण घासून काढते. सेल्फच्या तारेवर सामान्यतः फ्यूज नसतो. बोर्डाकडे जाणाऱ्या तारेवर मात्र तो अवश्य हवा, आणि तोही तारेच्या उगमापाशी, सात इंचांच्या आत, म्हणजे वितीहून कमी अंतरावर. दूर बोर्डात बसविलेला फ्यूज मधल्या तारेचे रक्षण करीत नाही.

एक तार स्विच टाळून थेट बॅटरीवरून न्यावी, ती पाणी उपसणाऱ्या स्वयंचलित पंपाची. तिला स्वतंत्र फ्यूज द्यावा. धक्क्यावर होडी बांधून सर्वजण घरी गेल्यावर स्विच बंद असतो. पाणी मात्र तेव्हाही झिरपत असते.

आता वापर. रात्री दिवे '२' वर, पहाटे सेल्फ '१' वर. इंजिन चालू झाले की 'दोन्ही' वर ठेवून बॅटऱ्या भराव्यात आणि इंजिन बंद करताच पुन्हा '२' वर यावे. इंजिन चालू असताना खटका 'बंद' वर कधीही नेऊ नये. ऑल्टरनेटरची वीज अकस्मात अडली की त्याचे व्होल्टेज उसळते व आतील डायोड जळतात. '१' वरून '२' वर जातानाही 'दोन्ही' च्या बाजूने जावे, 'बंद' च्या बाजूने नव्हे.

हा नियम पाळणारे हात मात्र एकाच माणसाचे नसतात. गोव्याच्या ट्रॉलरांवर ओडिशा, झारखंड, कर्नाटक अशा ठिकठिकाणचे खलाशी काम करतात, आणि हंगामात माणसे बदलतात. इंग्रजी अक्षरे वाचून खटका फिरविणे प्रत्येकाकडून होईलच असे नाही. खुणांपाशी रंगाचे ठसठशीत ठिपके द्यावेत, उदाहरणार्थ इंजिनासाठी तांबडा व दिव्यांसाठी पिवळा. त्याहूनही सोयीचा मार्ग म्हणजे दोन बॅटऱ्यांना दोन वेगळे साधे स्विच, आणि संकटसमयी दोन्ही जोडणारा तिसरा. खर्च थोडा वाढतो, परंतु विसरण्याजोगे काही उरत नाही.

काम पुरे झाल्यावर धक्क्यावरच परीक्षा घ्यावी. विसावलेल्या भरलेल्या बॅटरीवर मीटर सुमारे १२.७ व्होल्ट दाखवितो. १२ च्या आसपास आला तर ती बरीच रिती झाली असे समजावे. मग सेल्फ मारीत असताना मीटरची दोन टोके स्विचच्या चालू बॅटरीच्या बोल्टवर व सामाईक बोल्टवर टेकवावीत. काटा शून्याजवळ राहिला तर जोडणी निर्दोष आहे. तो लक्षणीय उठला, किंवा बोल्ट हाताला गरम लागला, तर लग सोडून, घासून पुन्हा आवळावा. त्यानंतर एक रात्र दिवे '२' वर जळत ठेवून सकाळी '१' वर इंजिन सुरू करून पाहावे, आणि १ ऑगस्टपूर्वीच पाहावे.