पडद्यावरचे ताट आणि घरची चूल



"आई, आज आपण बिबिम्बाप करू या का?" असे एखाद्या संध्याकाळी घरातल्या मुलीने विचारले, तर दचकू नका. हा कुणाचा बाप नव्हे! कोरियन भाषेत 'बाप' म्हणजे शिजवलेला भात आणि 'बिबिम' म्हणजे कालवणे. बिबिम्बाप म्हणजे कालवलेला भात. नाव परके, पण क्रिया आपल्या ओळखीची. आणखी एक ओळखीची गोष्ट सांगते. कोरियातही माणूस भेटला की "जेवलात का?" असे विचारण्याची रीत आहे.

ही नावे आपल्या घरात आली ती कोरियन मालिकांतून. या मालिकांतली माणसे भांडतात, रडतात आणि मधूनमधून मन लावून जेवतात. ते पाहून मुलांना तो पदार्थ करून पाहावासा वाटतो. हौस चांगलीच आहे. फक्त पडद्यावरून उचलायचे काय, एवढेच आज आपल्याशी बोलायचे आहे.

2003 साली कोरियात 'दे जांग गुम' नावाची मालिका सुरू झाली. सोळाव्या शतकातल्या राजवाड्याच्या मुदपाकखान्यातली ही गोष्ट. जांग गुम तिथे शिकायला आलेली लहान मुलगी. तिच्या शिक्षिका, हान बाई, तिला म्हणतात, "मला प्यायला पाणी आण." मुलगी पाणी आणते, पण बाईंचे समाधान होत नाही. असे अनेक दिवस चालते. शेवटी मुलगी पाणी आणण्याआधी विचारते, "आपलं पोट दुखतं का? घसा दुखतो का?" बाईंचा घसा दुखत असतो. मग ती कोमट पाण्यात मीठ घालून आणते आणि सावकाश प्या म्हणते. बाईंना हवे होते ते हेच. साधे पाणीसुद्धा पिणाऱ्याची विचारपूस करून द्यावे, म्हणजे ते अन्न होते.

दुसरी मालिका 2022 सालची. तिची नायिका वू ही स्वमग्न, पण फार हुशार वकील. ती रोज किम्बाप खाते. किम्बाप म्हणजे समुद्रातल्या शेवाळाच्या वाळवलेल्या पातळ पापुद्र्यात भात आणि भाज्या गुंडाळून केलेली वळकटी. तिचे काप केले की आत काय आहे ते सारे दिसते. जिभेला अचानक काही नवे लागत नाही, म्हणून मुलीला ते चालते. तिच्या वडिलांचे किम्बापचेच दुकान आहे.

दोन्ही गोष्टींत रांधणाऱ्याने आधी खाणाऱ्याकडे पाहिले, मग भांड्याकडे.

हे मला चुकल्यावर कळले, बरे का! मुलांच्या हट्टाने मी एकदा कोरियन पद्धतीच्या तिखट शेवयांचे पुडे आणले. रस्सा लालभडक झाला. मुले नाक पुसत, हसत जेवली. सासूबाईंनी एक घास घेतला आणि मुकाट्याने दूधभात कालवून घेतला. कुणी काही बोलले नाही. पण ते ताट माझ्या डोळ्यांपुढून हलेना. पुढच्या वेळी मी बिबिम्बाप केला. त्यात तिखट वेगळे असते आणि ज्याचा त्याने आपल्या बेताने घ्यायचे असते.

चार माणसांसाठी दोन वाट्या तांदूळ घ्या. कोरियन भात थोडा चिकट असतो, म्हणून आपला इंद्रायणी उत्तम. पालक उकळत्या पाण्यातून काढून पिळा. गाजर बारीक लांब चिरून थोड्या तेलावर परता. मोड आलेले मूग वाफवा. काकडीला मीठ लावून ती पिळून घ्या. प्रत्येक भाजीला वेगवेगळे, बेताचे मीठ, थोडा लसूण आणि तीळ लावा. कोरियात भाजलेल्या तिळांचे तेल वापरतात. ते नसले तर आपल्या तिळाच्या तेलात भाजलेल्या तिळांचा कूट घाला. भातावर या भाज्यांचे वेगवेगळे ढीग मांडा. अंडे चालत असेल तर तळून मधोमध ठेवा, नाही तर वगळा. कालवायचे ते पानावर बसल्यावर, चमच्याने.

सोबतीला कोरियात 'गोचुजांग' असते. लाल मिरची, चिकट तांदूळ आणि आंबवलेले सोयाबीन यांची ती गोडसर तिखट चटणी, महिनोन् महिने मुरवलेली. आपण भिजवलेली लाल मिरची, लसूण, गूळ, मीठ आणि लिंबू वाटावे. हे गोचुजांग नव्हे, पण भात त्याने गोड लागतो. मिरची तरी कुठे कोरियाची? ती मूळची अमेरिका खंडातली. आपल्याकडे ती पोर्तुगीजांबरोबर आली, तिकडेही पुढे पोहोचली. जांग गुमच्या काळातली कोरियन भाजी आजच्यासारखी लाल नव्हती.

शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्यासाठी एक प्रयोग सांगते. एक किलो मुळ्याच्या फोडींना 25 ग्रॅम मीठ, थोडे लाल तिखट, आले, लसूण आणि कांद्याची पात लावा. स्वच्छ बरणीत दाबून भरा. वर थोडी जागा राहू द्या आणि फोडी सुटलेल्या पाण्याखाली बुडवा. झाकण सैल ठेवा. आपल्या हवेत दोन दिवसांत बुडबुडे येतात आणि आंबटपणा चढतो. मग बरणी थंड जागी ठेवून थोड्या दिवसांत संपवा. बुरशी दिसली तर सारे टाकून द्या. ही मुळ्याची किमची. मिठामुळे नासवणारे जंतू मागे पडतात आणि भाजीवरचेच दुग्धाम्ल करणारे जिवाणू वाढतात. दह्यातल्या विरजणाचेच हे भाऊबंद. मुलांना ते दाखवा. मात्र रक्तदाब असलेल्या माणसाला ही किमची चवीपुरतीच द्या.

हिवाळ्यापूर्वी शेजारपाजार मिळून किमची घालण्याच्या कोरियन रिवाजाला 'किमजांग' म्हणतात. 2013 साली युनेस्कोने तो मानवजातीच्या वारशात नोंदवला. आपल्याकडे उन्हाळ्यात चार घरच्या बायका मिळून पापड लाटतात, तसेच हे. केलेली किमची चार घरी वाटतातही.

तेव्हा मुलीने उद्या कोरियन पदार्थाचा हट्ट धरला, तर नाही म्हणू नका. तिलाच चुलीपाशी बोलवा. पण तांदूळ धुण्याआधी तिला घरात एक फेरी मारायला सांगा. आजीला चावतं का? बाबांचं पोट बरं आहे का? धाकट्याला तिखट सोसेल का? एवढे विचारून ती परत आली, की मालिकेतून घ्यायचे ते तिने घेतले असे समजा.