घामेजणारे पाय



आजचा विषय ऐकून कोणी नाक मुरडलें असेल, तर मी त्यांस दोष देत नाहीं. एके काळीं मींहि तें मुरडलें होतें.

माझ्या वर्गांत एक मुलगा होता. प्रार्थनेस जातांना पादत्राणें दाराशीं काढावयाचीं, असा शाळेचा नियम. हा मात्र रेंगाळे, कांहीं तरी सबब सांगे. एके दिवशीं मीं त्याला बळेंच बूट काढावयास लावले. शहाबादी फरशीवर त्याच्या पावलांचे ओले ठसे उमटले, मुलें हंसलीं, आणि मी सर्वांदेखत म्हणालों, "पाय धुवून येत जा." दुसरे दिवशीं त्याची आई शाळेंत आली. "मास्तर, तो दिवसांतून तीन वेळां पाय धुतो हो!"

चूक माझी होती. मनुष्याच्या शरीरावर २० ते ४० लक्ष घर्मग्रंथी असतात, व तळहात-तळपाय येथें त्या अतिशय दाट असतात. अंगास घाम मुख्यत्वें उष्म्यानें येतो. तळव्यांस तो मनाच्या क्षोभानेंहि सुटतो. कित्येकांच्या ग्रंथी निर्दोष असून त्यांना चालविणाऱ्या मज्जातंतूंची आज्ञाच फाजील असते. ही खोड बहुधा लहानपणीं किंवा ऐन तारुण्यांत लागते, दोन्ही पायांस सारखीच असते, झोपेंत थांबते, आणि पुष्कळदां घराण्यांत चालत येते. तेव्हां मीं चारचौघांत केलेल्या बोलण्यानें त्या मुलाचा घाम कमी झाला असेल कीं वाढला, तें आपणच ठरवावें.

ताज्या घामास वास जवळजवळ नसतोच. बंद बुटांत भिजलेल्या त्वचेवर जीवाणू माजतात, आणि ते घामांतील द्रव्यें फोडतात तेव्हां दुर्गंधी सुटते. म्हणून धुण्यापेक्षां कोरडें ठेवण्याकडे लक्ष द्यावें. साबणानें धुणें दिवसांतून एकदोनदां पुरे. परंतु त्यानंतर बोटांच्या बेचक्या पंचानें नीट टिपाव्या. घाईंत ओल्या पायांवरच मोजे चढविणारे किती तरी गृहस्थ मला ठाऊक आहेत! सुती मोजे घाम टिपतात, पण भिजले कीं भिजलेलेच राहतात. सबब दुपारीं बदलावयास एक जोड पिशवींत असावा. एकच बूट रोज घालूं नये, त्यास निदान २४ तास वाळूं द्यावें. मुंबईच्या पावसाळ्यांत आंत वर्तमानपत्राचे बोळे कोंबावे. घरीं उघडी चप्पल उत्तम.

एवढ्यानें न भागल्यास डॉक्टरांच्या सल्ल्यानें ॲल्युमिनियम क्लोराइडचें औषध लावतात. तें रात्रीं निजतांना, पूर्ण कोरड्या तळव्यांस लावून सकाळीं धुवावयाचें असतें. झोपेंत घाम थांबलेला असल्यामुळें तें ग्रंथींच्या मुखांशीं टिकतें. ओल्या कातडीवर लावल्यास आग होते, आणि मग लोक औषधासच नांवें ठेवतात. दुसरा उपाय पाण्यांत पाय ठेवून सौम्य विद्युत्‌प्रवाह सोडण्याचा. तो आठवड्यांतून कांहीं वेळां करावा लागतो. गर्भवतींनीं व हृदयांत पेसमेकर असणाऱ्यांनीं तो करूं नये.

बेचक्यांत चिखल्या झाल्या, तळव्यास बारीक खळगे पडले, किंवा मधुमेह असतांना पायास जखम झाली, तर घरगुती उपचारांत वेळ दवडूं नये. प्रौढ वयांत एकाएकीं सुरू झालेला, एकाच पायास येणारा अथवा झोपेंतहि सर्वांग भिजविणारा घाम डॉक्टरांस अवश्य दाखवावा.

त्या मुलास मीं पुढें बुटांऐवजीं चपला घालण्याची परवानगी मिळवून दिली. परीक्षेच्या दिवसांत मात्र तो पायांखालीं एक जुना पंचा अंथरून बसे, आणि कोणी हंसत नसे.