हळू आवाजाचं गाणं



आपल्या गटांतल्या तरुण मुली हल्ली फोनवर वेगळीच गाणी ऐकतात. ढोल नाही, ताशा नाही. गाणारी कानाशी बोलल्यासारखी गाते, आवाज धुक्यातून आल्यासारखा वाटतो. जुन्या बाया म्हणतात, "हे काय गाणं? झोपेत बडबडल्यावाणी!" म्हणून आज या गाण्यांबद्दल बोलू.

पुण्यात ‘ईझी वाँडरलिंग्ज’ नावाचा असा एक वाद्यवृंद आहे. 2017 मध्ये त्यांचा ‘अ‍ॅज रिटन इन द स्टार्स’ हा अल्बम आला. गाणी स्वतः रचलेली, पण इंग्रजी. शब्द कळले नाहीत तरी मन निवतं.

हे होतं कसं? अशा गाण्यांत बहुतेकदा माइक तोंडाजवळ धरून हळू गातात, म्हणून श्वाससुद्धा ऐकू येतो. मग कॉम्प्युटरवर आवाजाला घुमारा जोडतात.

घुमारा आपल्याला नवा नाही. वेरूळचं 10 नंबरचं लेणं, सुतार की झोपडी, आपण पाहिलेलं आहे. तिथं हळू बोललं तरी दगडी कमानीखाली आवाज रेंगाळतो. दगड आवाज परत फेकतो, गोधडी आवाज पिऊन टाकते.

आपल्या आया-आज्या पहाटे जात्यावर गायच्या, तेव्हा जात्याची घरघर हीच त्यांची साथ होती. माहेर, भाऊ, सासुरवास, सगळं त्या गाण्यात यायचं. हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ यांनी सहकाऱ्यांसोबत गावोगावच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. 2017 पासून त्या ‘पारी’ या संकेतस्थळावर येऊ लागल्या. पण गिरणी आली, जातं थांबलं आणि कुणी न टिपलेल्या कितीतरी ओव्या आज्यांबरोबर गेल्या.

आज एखादी मुलगी वहीत गाणं लिहिते, तर घरी ऐकावं लागतं, "तुझा आवाज चढत नाही, तू काय गाणार?" मैत्रिणींनो, आवाज चढलाच पाहिजे असं कुठं आहे? मनातलं बोलायला हळू आवाजही पुरतो.

तेव्हा पुढच्या मीटिंगला हप्ते जमा झाले की दहा मिनिटं राखून ठेवू. पंखा बंद करू, दाराला गोधडी लावू, फोन जवळ धरू. एक ओवी आजीची, एक गाणं मुलीचं. दोन्ही रेकॉर्ड करू आणि नाव, गाव, तारीख वहीत लिहून ठेवू.