रेषा थोडी खाली सरकली असती तर

मोर्शीहून आम्ही बचत गटातल्या बाया बोलतो आहोत.

आमच्या गल्लीत मुलताईकडची नवी सून आली. पहिल्याच सकाळी तिनं सासूला विचारलं, "सब्जी कोणती करू?" आम्ही ओसरीवर बसलो होतो, सगळ्याजणी हसलो. "सब्जी नाही वं, भाजी म्हण." ती हळूच म्हणाली, "माझी आजी भाजीच म्हणे. मला शाळेत सब्जी शिकवली."

त्या दिवशी आम्हाला आमच्या हसण्याची लाज वाटली. म्हणून आज थोडं जुनं सांगतो.

1853 मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. 1903 पासून तो मध्य प्रांताच्या कारभारात आला. राजधानी नागपूर. मोर्शी, मुलताई, पांढुर्णा, सौसर सगळे एकाच कारभाराखाली. मग 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची फेररचना झाली. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, बैतूल आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिले. वाटणी जिल्ह्यांनी झाली, त्यामुळे मुलताई, पांढुर्णा, सौसरकडची मराठी घरं पलीकडे राहिली.

तंजावरची मराठी माणसं सतराव्या शतकात व्यंकोजी राजांच्या मागे घर सोडून गेली. आज बाहेर तमिळ आणि घरात मराठी बोलणारी कुटुंबं तिथं आहेत. ते परमुलखात गेले म्हणून थोडके झाले. मुलताईच्या मराठी माणसानं तर उंबरठाही ओलांडला नाही, तरी तो थोडक्यांतला झाला.

आता बायांनो, उलटं करून पाहा. ती रेषा थोडी खाली सरकली असती आणि मोर्शी पलीकडे गेली असती, तर? आपली लेकरं हिंदी शाळेत शिकली असती. अर्ज हिंदीत, पाटी हिंदीत, मोठ्या कामाला भोपाळ. मराठी उरली असती चुलीजवळ, पाळण्याजवळ आणि भुलाबाईच्या गाण्यांत. म्हणजे ती टिकवायचं काम आपल्याच अंगावर आलं असतं. आणि आपली लेक लग्न होऊन इकडं आली असती, तर तिच्या बोलण्यावर कोणी हसलं असतं.

गोष्ट हसण्यावर थांबत नाही. सून दहा कोसांवरून आली तरी कागदावर परराज्यातली ठरते. तिचा जातीचा दाखला माहेरच्या राज्याचा. इथल्या आरक्षणासाठी तो सहसा चालत नाही. लग्न ठरवताना मानपान, आहेर सगळं बोलतो, हे मात्र कोणी बोलत नाही. अशी सोयरीक असेल तर मुलीची शाळेची आणि जन्माची कागदं आधीच जपून मागून घ्या. दाखल्याचं काय होईल ते तहसीलमध्ये आधी विचारा. तिला शिकायचं असेल, नोकरी करायची असेल, तर तेव्हा धावपळ नको.

वर्धा नदी मुलताईकडंच उगम पावते आणि आपल्या सिंभोऱ्याच्या धरणात येते. सालबर्डीच्या महाशिवरात्रीच्या यात्रेला दोन्हीकडची माणसं येतात. पाण्याला कोणी राज्य विचारत नाही, महादेवालाही नाही.

संत्र्याच्या तोडणीला पलीकडून मजूर येतात, त्यांच्या बायका येतात, लेकरं येतात. ती आपल्या दारात पाणी मागतील. पाणी द्या, नाव विचारा, आणि तिच्या बोलीतला एक शब्द तिलाच विचारून घ्या.

आमच्या गल्लीतली सून आता भाजी म्हणते. आम्ही मात्र तिला सांगितलं, तू सब्जी म्हटलीस तरी चालते वं, जेवण तेच आहे.