माझे पहिले बिऱ्हाड
(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला मी चहाच्या पातेल्यापाशी उभी असते. इकडे भाषणे चालतात आणि माझे लक्ष दूध उतू जाते की काय, याकडे. यंदा सचिवबाईंनी पातेले दुसरीकडे सोपवले आणि मला इथे उभे केले. म्हणाल्या, "शेवया करताना बजाजनगरच्या गोष्टी सांगता ना, त्याच सांगा." मी म्हटले, अहो, शेवया करताना हात चालू असतात म्हणून तोंड चालते. इथे हातांचे काय करू? म्हणून हा कागद धरला आहे. आमचे हे मंडपामागे खुर्च्या मोजत आहेत, तेव्हा जरा हळूच वाचते. मागे ऐकू आले नाही तर पुढच्यांनी मागच्यांना सांगावे.

आपले खुलताबाद हे तसे झोपलेल्यांचे गाव. औरंगजेब बादशहा १७०७ साली अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला वारला आणि त्याला इथे आणून पुरले. मलिक अंबर त्याच्याही आधी, १६२६ साली आला. पहिला निजाम इथेच. दर्गे तर पावलोपावली. आणि आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा भद्रा मारुती, तोही निजलेलाच. भद्रसेन राजाचे भजन ऐकता ऐकता त्याला समाधी लागली, ही गोष्ट आपण पाळण्यापासून ऐकतो. अशा गावात वाढल्यामुळे निजलेल्याजवळून जाताना पाय न वाजवण्याची सवय मला लहानपणापासून होती. ती पुढे फार कामाला आली, कारण माझे लग्न झाले ते दिवसा झोपणाऱ्या माणसाशी.

लग्न मे १९९९ मधले. पहिले वर्ष सासरी, गंगापूर तालुक्यातल्या खेड्यात गेले. तिथे घरात एवढी माणसे की नवऱ्याचा चेहरा मी आठ दिवसांनी नीट पाहिला. जून २००० मध्ये आम्ही बजाजनगरला बिऱ्हाड केले. वाळूजला १९८० नंतर एकामागून एक कारखाने आले. त्यांत बजाजचा मोठा, त्यावरून वसाहतीला नाव पडले. हे तिथल्याच एका लहानशा कारखान्यात कामाला होते.

शहरात बिऱ्हाड म्हणून मी हरखून गेले होते. पण बजाजनगर हे शहर की खेडे, हे मला शेवटपर्यंत उमगले नाही. खरे शहर, तेव्हाचे औरंगाबाद आणि आताचे छत्रपती संभाजीनगर, बसने अर्धा-पाऊण तास दूर. एका अंगाला पंढरपूर नावाचे गाव, त्याला लोक छोटे पंढरपूर म्हणतात आणि आषाढीला तिथे मोठी यात्रा भरते. दुसऱ्या अंगाला कारखान्यांच्या भिंती. मध्ये आमची घरे, एकाला एक चिकटलेली. दार तसेच, खिडकी तशीच, ओटाही त्याच बाजूला. रंगसुद्धा एकच, कारण त्या वर्षी कोपऱ्यावरच्या दुकानात तोच स्वस्त मिळत होता.

त्यात कारखान्याच्या पाळ्या. फर्स्ट शिफ्ट, सेकंड शिफ्ट, थर्ड शिफ्ट. थर्ड म्हणजे रातपाळी. फर्स्टच्या आठवड्यात माणूस पहाटे उठून जातो, सेकंडच्या आठवड्यात आपण झोपल्यावर येतो आणि थर्डच्या आठवड्यात घरात असतो, पण डोक्यावर चादर घेऊन. कुकरच्या शिट्टीची मला वाघासारखी भीती बसली. दुसरी शिट्टी व्हायला आली की मी गॅस बंद करायची. त्यामुळे आमच्याकडे वरणातली डाळ महिनाभर कटकट वाजत होती. हे निमूटपणे चावून खायचे. त्यांना वाटायचे, खुलताबादची रीतच तशी असेल.

आता फजिती सांगते. जुलैतली दुपार. गिरणीतून दळण घेऊन आले, दार ढकलले, आत चादर पांघरून माणूस झोपलेला. डबा हळूच ठेवला आणि चहाला पातेले घेतले. बघते तर साखरेचा डबा जाग्यावर नाही. चहाची पूड नाही. पोहे होते तिथे शेंगदाणे. मी पुटपुटले, "एक वस्तू जाग्यावर ठेवतील तर शपथ!" मग आतला राग वर आला आणि मी चादरीला हात घालून म्हटले, "अहो, साखर कुठे ठेवली?"

चादरीतून मिशी निघाली. आमच्या ह्यांना मिशी नाही.

तेवढ्यात दारात घागर घेतलेली एक बाई उभी. ती म्हणाली, "काय व बाई, माह्या नवऱ्याले काहून उठवून राहिली तू?" मला भूमी पोटात घेईल तर बरे, असे झाले. मी म्हटले, "साखर शोधत होते." ती म्हणाली, "तर मले मागायची!" आणि खरोखरीच वाटीभर साखर आणून दिली. मिशीवाल्यांनी पुन्हा चादर ओढली होती. त्यांचीही थर्डच होती.

या आमच्या वऱ्हाडच्या वहिनी. साखरेची वाटी परत करायला दोन दिवस मला तोंड दाखवायचा धीर होईना. तिसऱ्या दिवशी त्याच आल्या आणि म्हणाल्या, "सांभार आहे काय व थोडासा?" मला वाटले, इडलीबरोबर खातात ते. मी म्हटले, "सांबार नाही हो वहिनी, साधे वरण आहे, देऊ?" त्या म्हणाल्या, "वरण मायाकडे आहे, त्याच्यावर टाकाले सांभार पाहिजे." वरणावर सांबार! वऱ्हाडात असे खातात की काय, म्हणून मी बघतच राहिले. शेवटी त्या सरळ आत आल्या आणि टोपलीतली कोथिंबिरीची जुडी उचलून दाखवली. कोथिंबिरीला तिकडे सांभार म्हणतात.

आमच्या गल्लीला शक्कल सुचली ती यांचीच. एके दिवशी त्यांनी मला विचारले, "चटणी कुठं कुटतं तू?" मी म्हटले, कुटतच नाही, हे झोपलेले असतात. त्या म्हणाल्या, "ज्याचा नवरा फर्स्टले, त्याचं घर दुपारपर्यंत रिकामं. तिथं जाऊन कुटाचं." मग ठरूनच गेले. ज्या बाईचा मालक फर्स्ट शिफ्टला, ते त्या आठवड्याचे कुटायचे घर. खलबत्ता, मिक्सर, कुकर, रडणारी पोरे, सगळे घेऊन आम्ही तिकडे. दर सोमवारी घर बदलायचे. एक जळगावकडची, एक बीडची, एक बिहारची. बिहारवालीला मराठी येत नव्हते आणि आम्हाला तिची भाषा येत नव्हती, पण कुकरची शिट्टी झाली की ती टाळ्या वाजवायची. माझी डाळ शिजू लागली ती या घरात.

गल्लीच्या टोकाला किल्लारीकडच्या काकू राहायच्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा भूकंप त्यांनी अंगावर झेललेला होता. मुलाला इकडे नोकरी लागली म्हणून त्या त्याच्यापाशी आल्या, पण भिंतीच्या आत झोप म्हणून लागायची नाही. उन्हाळा असो, थंडी असो, त्यांचे अंथरूण दाराबाहेर ओट्यावर. आम्ही तरुण पोरी आधी हसायचो. एकदा त्यांनी त्या पहाटेचे सगळे सांगितले, मग हसलो नाही.

इतके असूनही, भगिनींनो, दिवसा कुटायच्या घरात हसायचे आणि रात्री कुलूप लावून एकटीने रडायचे, असे माझे चालले होते. हे वाईट नव्हते. पण बोलायचे नाहीत. तीन महिने होत आले तरी आम्ही दोघांनी एका वेळी ताट घेतले असे बोटावर मोजण्याइतकेच. त्यात पंचमीला माहेरी जायचे ठरले आणि राहून गेले, कारण यांना सुटी नव्हती. एवढे कशाला, एका संध्याकाळी मी म्हटले, "मला इथे करमत नाही," तर हे बूट घालता घालता म्हणाले, "तुला इथे कमी काय आहे?" आणि गेले. रात्रभर ते वाक्य माझ्या उशाशी बसून राहिले.

श्रावण लागला होता. शुक्रवारी रात्री निघून पायी भद्रा मारुतीला जायचे गल्लीत ठरले. पाच बायका, बरोबर वहिनींचे यजमान आणि दोघांचे दीर. मी म्हटले, मी येते, वाट माझ्या पायाखालची आहे. ह्यांनी हो म्हटले. माझ्या पिशवीत नारळ होता, तेलाची बाटली होती, रुईच्या पानांची माळ होती. आणि खाली, वर्तमानपत्रात गुंडाळून, दोन साड्या होत्या. देवदर्शन करायचे, माहेरी जायचे आणि परत यायचे नाही, असे मी ठरवले होते. कोणाला कळवले नव्हते.

निघता निघता किल्लारीच्या काकूंनी हाक मारली. मुलीच्या बाळंतपणाला त्या पहाटेच्या गाडीने गावी निघाल्या होत्या, मुलगा-सून पोचवायला जाणार. त्यांनी माझ्या हातात किल्ली ठेवली. "लेकी, उद्या दुपारी नळाचा दिवस आहे. तेवढं भरून ठेव. तुळशीला घाल." मी किल्ली पदराच्या गाठीला बांधली आणि चालायला लागले. डोक्यात दुसरेच होते.

वीस-बावीस किलोमीटर तरी असेल. शरणापूर फाट्यावर शहराकडून येणाऱ्या लोकांत आम्ही मिसळलो आणि मग चालणे वाटेनाच. पोरे घोषणा देत होती, म्हाताऱ्या भजने म्हणत होत्या. दौलताबादचा किल्ला अंधारात नुसता काळा डोंगर दिसत होता. वेशीच्या दरवाजातून माणसे मुंग्यांसारखी रांगेने निघत होती. घाटात वहिनींच्या चपलेचा अंगठा तुटला. त्यांनी दोन्ही चपला पिशवीत टाकल्या आणि म्हणाल्या, "आता मारुतीलेच दाखवतो." कागजीपुरा आला तेव्हा मला घरचा वास आला. पूर्वी इथे घरोघर हाताने कागद करायचे, हे मी सगळ्यांना मोठ्या ऐटीत सांगितले. त्या रात्री पहिल्यांदाच मला कोणापेक्षा तरी जास्त माहीत होते.

रांगेत दोन तास गेले. गाभाऱ्यापाशी आलो, शेंदूर माखलेला, आडवा निजलेला मारुती दिसला. मी हात जोडले. गळा दाटून आला होता, आता देवाला सगळे सांगावे म्हणून डोळे मिटले, तेवढ्यात वहिनी कानाशी कुजबुजल्या, "हळू बोल व बाई. यायची बी थर्डच दिसते."

मी अशी हसले की पुजारीबुवा रागावून बघू लागले. हसता हसता रडू आले, रडता रडता पुन्हा हसू. मागच्या बाईंना वाटले अंगात आले. त्यांनी माझ्याच पाया पडायचे तेवढे राहिले.

उजाडताना सगळ्यांना घेऊन मी माहेरी गेले. आईने एक अक्षर न विचारता मोठे पातेले चुलीवर ठेवले. बाकीच्या पाय चेपत बसल्या आणि आई मला आत घेऊन गेली. नारळाचा प्रसाद काढायला तिने पिशवी रिकामी केली, त्यात साड्या निघाल्या. तिने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "आई, मी आता इथेच राहते." ती म्हणाली, "राहा की. घर तुझंच आहे." तिने मला समजावले असते, रागावली असती, तर मी हट्टाने राहिले असते. ती नुसती साडीची घडी मोडून पुन्हा नीट घालत बसली. मग तिची नजर माझ्या पदराकडे गेली. "ही किल्ली कोणाची गं?"

मी म्हटले, "अगं बाई! नळ!"

आठच्या एस.टी.ने मी वहिनींबरोबर परत निघाले. तेव्हा बायकांना अर्धे तिकीट नव्हते, ती सवलत २०२३ साली आली. पुरे भाडे आईनेच दिले. पिशवीत नारळाच्या जागी लोणच्याची बरणी होती. साड्या तिने पुन्हा तळाशी घातल्या होत्या.

घरी पोचले तर हे जागे. रातपाळी करून आलेला माणूस अकरा वाजता ओट्यावर बसून होता. मी काकूंकडे पाणी भरले, तुळशीला घातले, आले. बराच वेळ कोणी बोलेना. मग हे म्हणाले, "दोरीवरच्या दोन साड्या दिसल्या नाहीत."

मला काही सुचेना. मी म्हटले, "देवाला नेल्या होत्या."

"मारुतीला? साड्या?"

भगिनींनो, ब्रह्मचारी देवाला साडी नेणारी सबंध मराठवाड्यात मी एकटीच असेन. ह्यांना हसू फुटले. मी ह्यांना मोठ्याने हसताना पहिल्यांदा पाहिले. शेजारची थर्डवाली मंडळी उठली असतील. मग हे खाली बघून म्हणाले, "सोमवारपासून माझी फर्स्ट आहे. संध्याकाळी बरोबर जेवत जाऊ." त्या आठवड्यात आमचे घर कुटायचे घर झाले.

पुढे आणखी नऊ वर्षे तिथे काढली. मग यांचा कारखाना बंद पडला आणि २००९ साली आम्ही खुलताबादला येऊन किराणा दुकान टाकले. ते सगळे तुमच्या डोळ्यांसमोरचे आहे. श्रावणातल्या शनिवारी मंडळातर्फे आपण पायी येणाऱ्यांना चहा देतो, तिथे मी बसते. कोणी म्हणते, ही बाई चहा देताना पोरींच्या पिशव्यांकडे का बघते? बघते खरी. एखाद्या नव्या सुनेची पिशवी नारळाच्या मानाने जड दिसली की तिला मी बसवून घेते, दुसरा कप देते आणि तुझ्याकडे कोणाची किल्ली आहे का गं, असे विचारते. बहुतेकींना कळत नाही. गेल्या वर्षी एकीला कळले. ती दोन तास बसली होती.

सचिवबाईंना एक विनंती. स्मरणिकेची एक प्रत मला जास्त द्यावी. वहिनी आता अमरावतीला मुलाकडे असतात. त्या साड्यांची गोष्ट मी त्यांना अजून सांगितलेली नाही.