तण म्हणावे की औषध?

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावरून डॉक्टर, प्राध्यापक, वकील मंडळी बोलतात. यंदा समितीने माझ्यासारख्या डिप्लोमा झालेल्या रेल्वे इंजिनिअरला उभे केले, तेव्हा आमची सौ. म्हणाली, "गिट्टी आणि स्लीपरवर बोलू नका, लोक प्रसादाआधीच उठून जातील." म्हणून मी आज तणावर बोलणार आहे. मनावरच्या ताणाबद्दल नव्हे, जमिनीत उगवणाऱ्या तणाबद्दल! गिट्टी मात्र मधूनमधून येईल, त्याला माझा इलाज नाही.

आज सकाळी आरतीआधी आपल्या बालगोपाळांनी दूर्वांच्या जुड्या आणून ठेवल्या. हीच दूर्वा माझ्या वडिलांच्या शेतात हरळी म्हणून ओळखली जायची. हरळी शिरली की वडील दिवसभर वाकून तिच्या काशा वेचायचे, कारण एक कांडे राहिले तरी पुढच्या पावसात पुन्हा गालिचा. आणि संध्याकाळी बांधावरची तीच हरळी निवडून आई देवाला वाहायची. शेतात हरळी, देव्हाऱ्यात दूर्वा. झाड एकच.

रेल्वेत आल्यावर माझी तणाशी नव्याने ओळख झाली. रुळाखालची खडी मोकळी असेल तर पावसाचे पाणी झरकन निघून जाते. तण माजले की त्याच्या मुळांत माती धरते, मातीत पाणी मुरते, आणि गाडीच्या प्रत्येक धक्क्याने रूळ थोडाथोडा खचू लागतो. शिवाय गवतात स्लीपरवरच्या क्लिपा दिसत नाहीत, मग कीमनने तपासायचे काय? त्यामुळे आमचा पावसाळा निम्मा तण काढण्यात जातो. तणाबद्दल मला प्रेम वाटावे असे कारण नव्हते.

पण एकदा वाचनात एक गोष्ट आली आणि मी चक्रावलो. आमच्यासारख्याच रेल्वे इंजिनिअरांची झोप उडवणारे एक तण इंग्लंडमध्ये आहे, आणि तेच चीनमध्ये नावाजलेले औषध आहे. इंग्रजीत त्याला जॅपनीज नॉटवीड म्हणतात. चिनी नाव 'हू झांग'. हू म्हणजे वाघ आणि झांग म्हणजे काठी. कोवळ्या दांड्यावर तांबडे ठिपके असतात, म्हणून हे नाव. चिनी वैद्य याचे वाळवलेले मूळ कावीळ, सांधेदुखी, खोकला, भाजल्याच्या जखमा यांवर वापरत आले आहेत. लाल द्राक्षांमुळे गाजलेले रेस्व्हेराट्रोल नावाचे द्रव्य आज गोळ्यांच्या बाटल्यांतून विकले जाते. तेही मोठ्या प्रमाणावर याच मुळापासून काढतात.

मग हे औषध इंग्लंडात तण कसे झाले? नागासाकीजवळच्या डच वखारीत सिबोल्ड नावाचा एक जर्मन डॉक्टर १८२३ ते १८२९ या काळात होता. त्याला वनस्पतींचा भारी नाद. पुढे हॉलंडमधल्या लायडन गावी त्याने रोपवाटिका काढली आणि जपानी झाडे विकायला सुरुवात केली. १८४७ साली उत्रेख्त येथील कृषी व उद्यान संस्थेने याच झाडाला, वर्षातील सर्वांत लक्षवेधी नवी शोभेची वनस्पती म्हणून, सुवर्णपदक दिले. १८५० साली सिबोल्डकडून ते लंडनच्या क्यू उद्यानात पोहोचले. तिथून ते मोठमोठ्या लोकांच्या बागांत गेले, आणि बागेतून कुंपणाबाहेर.

जपानात हेच झाड फुजी पर्वताच्या उघड्या लाव्हावर सर्वांत आधी उगवणाऱ्यांपैकी आहे. जिथे दगडाला फोडून उभे राहायची सवय, तिथे इंग्लंडची मऊ माती म्हणजे सासुरवास संपून माहेरी आल्यासारखेच! जपानात त्याला कुरतडणारे किडे असतात, बुरशी असते. इंग्लंडात त्यातले कोणीच नव्हते. गंमत म्हणजे ब्रिटनभर पसरलेली ही झाडे एकाच मादी झाडाची पिलावळ असल्याचे शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. म्हणजे बीजाने वंश वाढलेला नाही. जमिनीखालच्या मुळकांडाचा नखाएवढा तुकडा मातीबरोबर दुसरीकडे गेला की तिथे नवे झाड. आणि माती इकडची तिकडे कोण नेते? नदीचा पूर, रस्त्याचे ठेकेदार आणि आम्ही रेल्वेवाले.

वेल्समध्ये मेस्टेग नावाचे कोळसा खाणींचे गाव आहे. तिथल्या राखेच्या ढिगांवर हे झाड माजले असल्याची नोंद १८८६ साली झाली. बागेबाहेर रानात ते उगवल्याच्या ब्रिटनमधल्या पहिल्या नोंदींपैकी ही एक. पुढे १९८१ च्या कायद्याने ते रानात लावणे किंवा पसरू देणे गुन्हा ठरला. आणि २०१८ साली लंडनच्या अपील न्यायालयाने त्याच मेस्टेगमधल्या दोन घरमालकांच्या बाजूने निकाल दिला. त्यांच्या घरामागच्या रेल्वेच्या बांधावरून नॉटवीडची मुळे त्यांच्या जमिनीत घुसली होती. तिथली रेल्वे सांभाळणाऱ्या नेटवर्क रेलला भरपाईची जबाबदारी टाळता आली नाही. हा निकाल मी वाचला तेव्हा, खरे सांगतो, मी आमच्या हद्दीच्या कुंपणाकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो.

आता तुमच्यापैकी कोणी म्हणेल, "अहो, एवढे औषधी आहे तर खणून विकून टाका ना!" मलाही हेच वाटले होते. पण एक तर खणताना तुकडे राहतात आणि दुप्पट वाढतात. ती मातीसुद्धा वाटेल तिथे टाकता येत नाही, तिच्या विल्हेवाटीचे कडक नियम आहेत. आणि दुसरे, सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे अशा झाडावर वर्षानुवर्षे तणनाशक फवारलेले असते. राखेच्या ढिगावर आणि रुळांकाठी वाढलेल्या, विष प्यालेल्या मुळाचा काढा कोण पिणार? पुस्तकात लिहिलेले औषध वेगळे आणि आपल्या समोर उभे असलेले रोप वेगळे. हे वाक्य कृपया लक्षात ठेवा, मी त्याच्याकडे परत येणार आहे.

अमेरिकेची गोष्टही अशीच. कुडझू नावाचा वेल १८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात जपानच्या दालनात मांडला गेला. मोठी पाने, जांभळी सुवासिक फुले. अंगणात सावलीसाठी लोकांनी तो हौसेने चढवला. चीनमध्ये त्याच्या मुळाला 'गे गेन' म्हणतात. ताप आणि आखडलेली मान यांवर सुमारे अठराशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथापासून त्याचा काढा सांगितला आहे. १९३० नंतर दक्षिणेकडची जमीन धुपू लागली तेव्हा अमेरिकन सरकारने तो लावण्यासाठी शेतकऱ्यांना एकरी ८ डॉलरपर्यंत पैसे दिले. रस्त्यांच्या आणि रेल्वेच्या उतारांवरही तो लावला. माती धरली, पण वेल थांबेना. झाडे, खांब, पडकी घरे, सगळे त्याने पांघरुणाखाली घेतले. १९५३ साली सरकारने शिफारशीच्या यादीतून त्याचे नाव काढून टाकले.

मंडळी, हे झाले परदेशाचे. आता आपल्या क्वार्टरच्या मागच्या वाफ्यात या. तिथे चिनी वैद्याला ओळखीची दोन तणे सापडतील.

पहिला लव्हाळा, इथले लोक ज्याला मोथा म्हणतात. जगातील सर्वांत उपद्रवी तणांवर १९७७ साली एक मोठा ग्रंथ निघाला, त्यात पहिला क्रमांक या बहाद्दराचा आहे. वरून पाते उपटले की आपल्याला वाटते गेला. पण खाली गाठींची माळ तशीच असते. खुरपे लागून माळ तुटली की प्रत्येक गाठीला वाटते, आता आपणच घरातले कर्ते! या गाठी म्हणजे आयुर्वेदातील मुस्ता, ज्वर आणि अतिसारावरची. चीनमध्ये त्यांना 'शियांग फू' म्हणतात आणि पोटाच्या व बायकांच्या मासिक तक्रारींवर देतात.

दुसरी घोळ, हिंदीत नोनिया किंवा कुल्फा. आपण तिची डाळ घालून भाजी करतो. चीनमध्ये तिचे नाव 'मा छी श्येन', म्हणजे घोड्याचे दात. पानांचा आकार पाहा म्हणजे पटेल. रक्ती आवेवर ती पूर्वापार वापरतात. भाजी चांगलीच, पण तिच्यात ऑक्झलेट भरपूर असते. मुतखडा असलेल्यांनी "औषधी आहे" म्हणून ताटभर खाऊ नये.

ही माहिती मिळाल्यावर मला कोण आनंद झाला! चहाच्या सुट्टीत गँगसमोर मी व्याख्यानच दिले. "अरे, ज्याला तुम्ही कचरा म्हणून उपटता, त्याला चीनमध्ये औषध म्हणतात." सगळे माना डोलवत होते. इंजिनिअर साहेब खूश.

त्यानंतर आठवड्याभरातली गोष्ट. यार्डाच्या एका बाजूला तणनाशक फवारून तीन दिवस झाले होते. मी पायी निरीक्षणाला निघालो होतो. पाहतो तर आमच्या एका ट्रॅकमनची म्हातारी आई रुळाच्या कडेला बसून पदरात नोनिया खुडते आहे. फवारलेल्या पट्ट्यातलीच. भाजी हिरवीगार दिसत होती, कारण हे औषध पानातून मुळापर्यंत जाते आणि पान पिवळे पडायला आठवडा लागतो. मी धावत गेलो. "माताजी, फेंकिए, यह मत ले जाइए!" ती घाबरली. मग माझ्याकडे पाहून शांतपणे म्हणाली, "साहब, आप ही तो बोले थे, दवाई है. नाती का पेट खराब है."

बंधू-भगिनींनो, त्या क्षणी मला माझे सगळे व्याख्यान आठवले. चीनचे नाव सांगितले, नोनियाचे गुण सांगितले. पण फवारणी कुठे आणि केव्हा झाली, हे त्याच माणसांना सांगायचे राहून गेले होते. ते सांगणे माझे काम होते. मी घोड्याचे दात मोजत बसलो आणि समोरची पायवाट विसरलो. सुदैवाने त्या दिवशीची ती पहिलीच खुडणी होती, घरी काही गेले नव्हते. भाजी तिथेच टाकायला लावली, तिचे हात धुववले, पदर लगेच धुवायला सांगितला. नातीला आपल्या रेल्वे दवाखान्यात नेले. संध्याकाळी बाजारातून नोनियाची जुडी आणून मी त्यांच्या घरी दिली, तेव्हा म्हातारी हसून म्हणाली, "इसमें तो दवाई नहीं डाली ना, साहब?" त्या प्रश्नात दवाईचे दोन्ही अर्थ आले होते. तेव्हापासून आमच्याकडे फवारणीच्या आदल्या दिवशी गँगला तारीख आणि जागा सांगितली जाते, आणि फवारलेल्या पट्ट्याच्या दोन्ही टोकांना लाल कापड बांधले जाते.

म्हणून आज माझे सांगणे एवढेच आहे. तण हा शब्द ऐकून तुच्छ मानू नका आणि औषध हा शब्द ऐकून भुलू नका. हे दोन्ही शब्द माणसाचे आहेत, झाडाला त्यांचा पत्ता नाही. झाडाकडे पाहताना विचारा: हे कुठे उगवले? इथे त्याला आवर घालणारे कोणी आहे का? त्याच्यावर काय पडले आहे? आणि घ्यायचेच असेल तर किती, कोणाला विचारून? सिबोल्डने पहिले दोन प्रश्न विचारले नाहीत, त्याची किंमत मेस्टेगचे लोक अजून मोजत आहेत. तिसरा मी विचारला नाही, त्याची किंमत एका लहान मुलीने मोजली असती.

दोन विनंत्या करून थांबतो. नर्सरीतून किंवा परगावाहून झपाट्याने पसरणारे एखादे शोभेचे रोप आणलेत तर ते कुंडीत ठेवा, आणि छाटलेल्या फांद्या, मुळे नाल्यात टाकू नका. दुसरी विनंती बालगोपाळांच्या आई-वडिलांना. दूर्वांसाठी मुलांना रुळांकडे पाठवू नका. गाडीचा धोका आहेच, फवारणीचाही आहे. आपल्या सभागृहामागे नळाजवळ जागा रिकामी आहे. पुढच्या वर्षीच्या बाप्पासाठी तिथे दूर्वांचा वाफा करू या. पहिल्या काशा मी गावाहून आणीन. वडिलांनी आयुष्यभर ज्या उपटून फेकल्या, त्या मुलाने पिशवीत घालून आणल्या हे पाहून ते नक्की हसतील. वाफ्याला विटांचे कुंपण मात्र पक्के घालू, कारण हरळीवर माझा अजूनही विश्वास नाही!

 

गणपती बाप्पा मोरया!